फॅनी लू हॅमर : जिला दाद मागायला न्यायालयच नव्हते

डॉक्टरच्या हातून रुग्णाचे वाटोळे झाले तर त्याने काय करावे? आज याचे उत्तर कोणीही देईल. ग्राहक आयोगात तक्रार करावी, दिवाणी दावा लावावा, नुकसानभरपाई मागावी. कायदा आहे, वकील आहेत, निकाल आहेत. परंतु जिच्या साक्षीला किंमत नाही, जिचे नाव मतदार यादीत नाही, जिच्या समाजाचा एकही माणूस न्याय देणाऱ्यांच्या बाकावर बसू शकत नाही, अशा स्त्रीने काय करावे? अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात १९६१ साली एका कृष्णवर्णीय शेतमजूर स्त्रीसमोर हा प्रश्न उभा राहिला. तिचे नाव फॅनी लू हॅमर. अमेरिकेतील नागरी हक्कांची चळवळ म्हणजे फक्त मार्टिन ल्यूथर किंग असे समजणाऱ्यांनी या बाईचे चरित्र मुद्दाम समजून घेतले पाहिजे.

फॅनी लूचा जन्म ६ ऑक्टोबर १९१७ रोजी मिसिसिपीतील मॉन्टगोमेरी काउंटीत झाला. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा. आईवडिलांच्या वीस मुलांत ती सर्वांत धाकटी. ती दोन वर्षांची असताना हे कुटुंब सनफ्लॉवर काउंटीत एका गोऱ्या मळेवाल्याच्या जमिनीवर बटाईने कापूस पिकवायला आले. गुलामगिरी कायद्याने १८६५ सालीच संपली होती. पण जमीन गोऱ्याची, बियाणे गोऱ्याचे, दुकान गोऱ्याचे आणि हिशेबाची वहीही गोऱ्याचीच. वर्षभर राबल्यावर हिशेबाच्या दिवशी बटाईदाराच्या अंगावर उलट कर्जच निघायचे. सहा वर्षांच्या फॅनी लूला मळेवाल्याने दुकानातल्या खाऊचे आमिष दाखवून कापूस वेचायला लावले आणि त्या खाऊची उधारी फेडण्यात तिचे बालपण संपले. पोलिओने पाय कायमचा अधू झाला. शाळा कशीबशी सहावीपर्यंत, तीही शेतात काम नसेल तेव्हाच.

वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन खेचरे विकत घेतली. आता स्वतःच्या बळावर शेती करू अशी आशा निर्माण झाली. तेव्हा एका गोऱ्याने रात्रीतून खेचरांच्या खाद्यात विष कालवले. खेचरे मेली आणि कुटुंब पुन्हा बटाईच्या खड्ड्यात गेले. शेतात काम करताना आईच्या डोळ्याला इजा झाली. वेळेवर उपचार मिळाले नाहीत आणि तिची दृष्टी गेली. सवर्णांच्या गावात अस्पृश्याने चार पैसे गाठीला बांधले, अंगावर बरे कपडे घातले की गावाच्या पोटात दुखू लागते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

१९४४ साली मळेवाल्याला कळले की या बाईला लिहिता-वाचता येते. त्याने तिला मजुरांची हजेरी आणि कापसाचे वजन लिहिण्याचे काम दिले. मळेवाल्याचा काटा खोटा असे. तो आसपास नसला की हॅमरबाई खरे वजन वापरून मजुराला त्याचे पुरते माप देत. त्याच सुमारास त्यांनी पेरी हॅमर या ट्रॅक्टर चालवणाऱ्या मजुराशी लग्न केले. दोघांना मुलांची फार हौस होती. गर्भ राहूनही मूल हाती लागले नव्हते. त्यांनी दोन मुली दत्तक घेतल्या, पण आशा सोडली नव्हती.

१९६१ साली हॅमरबाईंच्या पोटात एक गाठ असल्याचे आढळले. ती काढण्यासाठी त्या काउंटीच्या रुग्णालयात दाखल झाल्या. शस्त्रक्रिया लहान होती. घरी परतल्यावर काही दिवसांनी त्यांच्या कानावर आले की डॉक्टरने गाठीबरोबर गर्भाशयही काढून टाकले आहे. हे त्यांना डॉक्टरने सांगितले नाही, परिचारिकेने सांगितले नाही, कागदावरही आले नाही. डॉक्टर हा मळेवाल्याच्या बायकोचा नातेवाईक होता. त्याच्याकडून ही गोष्ट मळ्याच्या वाड्यात गेली, वाड्यातल्या स्वयंपाकघरात चघळली गेली, तिथून मजुरांच्या वस्तीत आली आणि सर्वांत शेवटी जिचे गर्भाशय गेले तिला समजली. गोऱ्या घराच्या चुलीपाशी जे सगळ्यांना ठाऊक होते, ते त्या बाईला ठाऊक नव्हते.

हॅमरबाई डॉक्टरकडे गेल्या. माझ्या शरीराचे असे करण्याआधी मला विचारायला हवे होते, मला मुले हवी होती, असे त्यांनी त्याला सुनावले. त्याच्याजवळ उत्तर नव्हते आणि उत्तर देण्याची त्याला गरजही नव्हती. ही घटना एकटीदुकटीची नव्हती. अपेंडिक्सच्या किंवा दुसऱ्या कुठल्यातरी शस्त्रक्रियेच्या नावाखाली कृष्णवर्णीय स्त्रियांचे गर्भाशय काढणे किंवा नसबंदी करणे दक्षिणेकडील राज्यांत इतके सर्रास चालत होते की पुढे हॅमरबाईंमुळे त्या प्रकाराला मिसिसिपी अपेंडेक्टॉमी असेच नाव पडले.

मग त्यांनी डॉक्टरवर दावा का लावला नाही? हा प्रश्न त्यांना पुढे विचारला गेला. मिसिसिपीत काळ्या बाईने गोऱ्या डॉक्टरला न्यायालयात खेचणे म्हणजे स्वतःच्या शवपेटीला स्वतःच खिळे ठोकणे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. यात भीती होती, पण नुसती भीती नव्हती. त्यामागे व्यवस्थेचे अचूक आकलन होते. अमेरिकेत असे खटले ज्यूरीसमोर चालतात. नानावटी खटल्यामुळे ज्यूरी हा शब्द आपल्याकडेही परिचित आहे. मिसिसिपीच्या १८९० च्या राज्यघटनेनुसार ज्याचे नाव मतदार म्हणून पात्र आहे त्यालाच ज्यूरीवर बसता येत असे. कृष्णवर्णीयांना मतदार होऊ द्यायचे नाही यासाठी साक्षरता परीक्षा होती, मतदानासाठी कर होता आणि त्यातूनही कोणी सुटला तर बंदूक होती. मतदार यादीत काळा नाही म्हणून ज्यूरीत काळा नाही. ज्यूरीत काळा नाही म्हणून गोऱ्या डॉक्टरला भय नाही. स्त्रियांची गोष्ट तर आणखी पुढची. मिसिसिपीत कोणत्याही वर्णाच्या स्त्रीला ज्यूरीवर बसण्याचा हक्क १९६८ साली मिळाला. म्हणजे हॅमरबाईंनी दावा लावला असता तर त्यांच्या गर्भाशयाची किंमत बारा गोऱ्या पुरुषांनी ठरवली असती.

ऑगस्ट १९६२ मध्ये रूलव्हिल गावातील एका चर्चमध्ये विद्यार्थी कार्यकर्त्यांनी सभा घेतली. कृष्णवर्णीयांनाही मतदानाचा हक्क आहे, असे तिथे सांगण्यात आले. चव्वेचाळीस वर्षांच्या हॅमरबाईंनी ही गोष्ट आयुष्यात प्रथमच ऐकली. नोंदणीला कोण येणार असे विचारताच त्यांनी हात वर केला. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी अठरा जण एका जुन्या बसने इंडियानोला या काउंटीच्या मुख्य गावी गेले. तिथे हॅमरबाईंना राज्यघटनेतील एका क्लिष्ट कलमाचा अर्थ लिहायला सांगितला. त्या नापास झाल्या. परत येताना पोलिसांनी बस अडवली आणि बसचा रंग प्रमाणाबाहेर पिवळा आहे म्हणून चालकाला दंड केला. त्याच संध्याकाळी मळेवाल्याने फर्मावले, अर्ज मागे घे नाहीतर मळा सोड. अठरा वर्षांची चाकरी एका संध्याकाळी संपली. हॅमरबाई रात्रीच बाहेर पडल्या. काही दिवसांनी, १० सप्टेंबरला, त्या ज्या घरी उतरल्या होत्या असे समजून त्या घरावर सोळा गोळ्या झाडण्यात आल्या. जानेवारी १९६३ मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. तरीही मत देता येईना, कारण मतदान कराच्या दोन वर्षांच्या पावत्या त्यांच्याजवळ नव्हत्या.

९ जून १९६३ रोजी एका प्रशिक्षण शिबिरातून परतताना विनोना गावच्या बसथांब्यावर त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना अटक झाली. तुरुंगात पोलिसांनी दोन कृष्णवर्णीय कैद्यांना दरडावून त्यांच्याकरवी हॅमरबाईंना पट्ट्याने बेदम मारले. शोषिताच्या हातात चाबूक देऊन शोषितालाच मारायला लावणे ही वर्चस्ववाद्यांची जुनी रीत आहे. मूत्रपिंडाला आणि डोळ्याला झालेली इजा आयुष्यभर राहिली. त्या पोलिसांवर केंद्र सरकारने खटला भरला. डिसेंबर १९६३ मध्ये संपूर्ण गोऱ्या ज्यूरीने सर्वांना निर्दोष सोडले. डॉक्टरवर दावा लावून काय झाले असते, याचा पुरावाच जणू या खटल्याने दिला.

१९६४ साली मिसिसिपीच्या कायदेमंडळात एक विधेयक आले. विवाहाबाहेर दुसरे मूल झाल्यास आईबापाला तुरुंगवास किंवा नसबंदी, अशी त्यात तरतूद होती. नाव कोणाचे घेतले नव्हते, पण रोख कोणावर होता हे सर्वांना कळत होते. जून १९६४ मध्ये वॉशिंग्टन येथील जनसुनावणीत हॅमरबाईंनी आपल्यावर झालेल्या शस्त्रक्रियेची हकीकत जाहीरपणे सांगितली. आपल्या भागातील रुग्णालयात जाणाऱ्या दहापैकी सहा कृष्णवर्णीय स्त्रियांची गर्भधारणेची शक्ती काढून घेतली जाते, असा आरोप त्यांनी केला. चळवळीने या विधेयकाविरुद्ध रान उठवले आणि नसबंदीचे कलम गाळावे लागले. न्यायालयाने जे ऐकून घेतले नसते, ते त्यांनी देशाला ऐकवले. लाजेने गप्प बसणे हे पीडित स्त्रीकडून अपेक्षित असते. त्यांनी ते नाकारले, आणि जिथे एकीला न्याय मिळत नव्हता तिथे अनेकींवर येऊ घातलेला कायदा अडवला.

२२ ऑगस्ट १९६४ रोजी अटलांटिक सिटी येथील डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात मिसिसिपीच्या गोऱ्या प्रतिनिधींना आव्हान देत त्यांनी साक्ष दिली. ती दूरचित्रवाणीवर चालू असताना राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद बोलावून कॅमेरे दुसरीकडे वळवले. पण रात्रीच्या बातम्यांत ती साक्ष सगळ्या अमेरिकेने पाहिली. पक्षनेत्यांनी तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या. हॅमरबाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या झिडकारल्या. १९६५ साली मतदान हक्क कायदा झाला. १९६४ साली मिसिसिपीतील पात्र कृष्णवर्णीयांपैकी फक्त ६.७ टक्के मतदार होते. १९६७ पर्यंत ते ५९.८ टक्के झाले. आता हॅमरबाई न्यायालयातही गेल्या. त्यांच्या नावाने चाललेल्या हॅमर विरुद्ध कॅम्पबेल या खटल्यात १९६६ साली अपील न्यायालयाने सनफ्लॉवर काउंटीतील पक्षपाती नोंदणीवर झालेली निवडणूक अमान्य केली. डॉक्टरविरुद्ध जी बाई न्यायालयाची पायरी चढू शकली नव्हती, तिच्या नावाने पाच वर्षांत निकाल लागला.

तरी रुग्णालयाने त्यांची पाठ सोडली नाही. १९६७ साली त्यांची थोरली दत्तक मुलगी आजारी पडली. आईच्या चळवळीचा राग धरून जवळच्या रुग्णालयाने दाखल करून घेतले नाही आणि अंतर्गत रक्तस्रावाने ती बावीसाव्या वर्षी गेली. तिच्या दोन चिमुरड्या मुलींना हॅमरबाईंनी वाढवले. भुकेल्या माणसाला मत आणि न्याय दोन्ही महाग पडतात हे ओळखून १९६९ साली त्यांनी चाळीस एकरांवर सहकारी शेती उभी केली. कुटुंबांना डुकराची मादी द्यायची, पिल्ले झाली की काही परत घेऊन दुसऱ्या कुटुंबाला द्यायची, अशी योजना चालवली. १४ मार्च १९७७ रोजी माउंड बायू येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. स्तनाचा कर्करोग आणि हृदयविकाराने शरीर पोखरले होते. वय अवघे एकोणसाठ. त्यांना २०२५ साली अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मरणोत्तर देण्यात आला. गर्भाशयाचा मोबदला मात्र त्यांना कधीच मिळाला नाही.

त्यांच्या हयातीतच एक गोष्ट घडली. १९७३ साली अलाबामा राज्यात बारा व चौदा वर्षांच्या दोन कृष्णवर्णीय बहिणींची नसबंदी करण्यात आली. निरक्षर आईकडून कागदावर फुली मारून घेतली होती. या वेळी खटला उभा राहिला. १९७४ साली रेल्फ खटल्यात न्यायाधीशांनी नमूद केले की केंद्र सरकारच्या पैशाने दरवर्षी एक ते दीड लाख गरिबांची नसबंदी होत आहे. अज्ञानांची नसबंदी थांबली, संमतीचे नियम कडक झाले. पुढे उत्तर कॅरोलिना, व्हर्जिनिया आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी सक्तीच्या नसबंदीच्या बळींना भरपाई देण्याची तरतूद केली. १९६१ मध्ये जो दावा अशक्य होता तो बारा वर्षांत शक्य झाला, तो डॉक्टरांचे मन पालटले म्हणून नव्हे, तर पीडितांच्या बाजूने कायदा बोलू लागला म्हणून.

हॅमरबाईंच्या एका मताबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. त्या गर्भपाताच्या आणि संततिनियमनाच्याही विरोधात होत्या. आपल्याला हे मत पटणारे नाही. स्वतंत्र मजूर पक्षाने १९३८ साली मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला, त्यामागे बाबासाहेब होते. परंतु मूल नको म्हणण्याचा हक्क आणि मूल हवे म्हणण्याचा हक्क हे एकाच हक्काचे दोन भाग आहेत. निर्णय त्या स्त्रीचा असला पाहिजे. जिच्याकडून तो चोरून घेतला गेला, तिला सगळ्याच वैद्यकीय उपायांचा संशय यावा यात नवल नाही.

आता आपल्याकडे पाहू. बाबासाहेबांनी वेटिंग फॉर अ व्हिसामध्ये काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत नोंदवली आहे. बाळंत झालेल्या त्याच्या पत्नीला डॉक्टरने वस्तीबाहेर आणायला लावले, तापमापक मुसलमान माणसाच्या हातून दिला, अंगाला हात न लावता औषध सांगितले आणि पुन्हा तपासायला येण्यास नकार दिला. बाई दगावली. ही १९२९ सालची घटना. त्या शिक्षकालाही दाद मागायला जागा नव्हती. म्हणूनच घटना समितीत बाबासाहेबांनी मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची सोय देणाऱ्या कलमाला राज्यघटनेचा आत्मा मानले. हक्क लिहिला पण तो बजावण्याचा मार्ग दिला नाही तर तो हक्क कागदावरच राहतो, हे त्यांना जेवढे कळत होते तेवढे क्वचितच कोणाला कळत असेल.

तो मार्ग आज आपल्यापाशी आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २००८ साली समीरा कोहली खटल्यात तर हॅमरबाईंचीच कहाणी न्यायालयासमोर होती. तपासणीसाठी गेलेली महिला बेशुद्ध असताना आईची सही घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले होते. एका प्रक्रियेला दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही आणि प्रौढ स्त्रीच्या वतीने इतर कोणी संमती देऊ शकत नाही, असा निकाल लागला. भरपाई फक्त पंचवीस हजारांची होती, पण तत्त्व प्रस्थापित झाले.

तरीही नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यातील नसबंदी शिबिरांत तेरा स्त्रिया मेल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश द्यावा लागला. आणि आपल्या बीड जिल्ह्यात काय चालले होते? २०१९ साली राज्य सरकारच्या समितीसमोर आले की पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. पाळीत खाडा झाला की मुकादम दंड कापतो, फडावर संडास नाही, अंगावर उचल आहे, आणि खासगी डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो. मळेवाल्याची वही आणि मुकादमाची वही यांत फरक कितीसा? हॅमरबाईंना सांगितले गेले नाही. आपल्या बायांना अर्धवट, भीती घालून सांगितले गेले. अशा सहीला संमती म्हणायचे काय?

फरक एवढाच की आपल्या हाती मत आहे, संविधान आहे आणि कायदा आहे. तो वापरायचा असेल तर चार गोष्टी घरोघरी पोहोचल्या पाहिजेत. शस्त्रक्रियेपूर्वी कागद वाचून घ्यावा, न समजल्यास सही करू नये. उपचारांची कागदपत्रे लेखी मागितल्यास डॉक्टरने ७२ तासांत देणे नियमाने बंधनकारक आहे. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. सर्वांना मोफत सेवा देणारे सरकारी रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही, तिथे दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात याचिका हा मार्ग आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात हे कार्यालय असते. आपले किती लोक त्याची पायरी चढतात?

जयंतीच्या वर्गणीतून आपण मंडप उभारतो, ते ठीकच आहे. त्याबरोबर प्रत्येक विहारात, प्रत्येक महिला मंडळात एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी असावी, जी आजारी बाईबरोबर दवाखान्यात जाईल, कागद वाचून दाखवेल आणि त्याची प्रत मागून घेईल. ऊसतोडीला निघालेल्या टोळीमागे असे एक तरी माणूस असले पाहिजे. हॅमरबाईंना दावा लावण्याआधी मतदार व्हावे लागले आणि त्यासाठी हाडे मोडून घ्यावी लागली. आपल्याला ते आयते मिळाले आहे. येत्या हंगामात बीडहून कोयते निघतील तेव्हा गेल्या वर्षी गर्भाशय गमावलेल्या बाईची दोन वर्षांची मुदत संपत आलेली असेल. तिच्यापर्यंत आधी कोण पोहोचणार, मुकादम की आपण, याचा विचार आताच झाला पाहिजे.